उपग्रहावर सांचणारी वीज

हिवाळ्याच्या रात्रीं पुण्याकडे किंवा नागपुराकडे लोकरीची बंडी अंधारांत घाईनें उतरविली, तर चटचट असा बारीक आवाज होतो आणि क्वचित् निळसर ठिणग्याहि दिसतात. मुलांना त्याची मौज वाटते. वडील माणसें "हवा कोरडी पडली" एवढें म्हणून सोडून देतात. मुंबईच्या घरांत हा खेळ फारसा पाहावयास मिळत नाहीं, कारण तेथील दमट हवा ही वीज सांचण्यापूर्वींच वाहून नेते. ठिणगीच्या त्या क्षणीं विजेचा दाब हजारों व्होल्टांचा असतो. तरी कोणाला इजा होत नाहीं, कारण दाब मोठा असला तरी विजेचा सांठा चिमूटभर असतो.

आतां अशी एक वस्तु डोळ्यांपुढें आणावी, कीं जिच्याभोंवतीं हवा नाहीं, दमटपणाचा प्रश्नच नाहीं, आणि जिला जमिनीचा स्पर्श पुन्हां कधींहि व्हावयाचा नाहीं. घरोघरच्या दूरचित्रवाणीचीं चित्रें ज्यांच्याकडून येतात, ते विषुववृत्ताच्या वर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर फिरणारे भूस्थिर उपग्रह नेमके याच स्थितींत असतात. त्यांच्या अंगावर वीज सांचली तर ती जावयाची कोठें? तेथें उडालेली ठिणगी करमणुकीची नसते. तिच्या शेजारीं अत्यंत नाजूक यंत्रें असतात आणि दुरुस्तीस जाणारें कोणी नसतें. म्हणून उपग्रह कागदावर असतांनाच, त्याच्या कोणत्या भागावर किती वीज सांचेल याचा हिशेब करून ठेवावा लागतो. हा हिशेब करणाऱ्या संगणकीय आज्ञावली कशा जन्मास आल्या, त्या काय करतात आणि त्यांच्यावर विश्वास कितपत टाकावा, हा या भाषणाचा विषय आहे.

अवकाश म्हणजे निव्वळ पोकळी ही समजूत पुष्कळ अंशीं खरी असली, तरी पुरती खरी नाहीं. सूर्यापासून निघालेला विद्युद्भारित कणांचा वारा पृथ्वीच्या चुंबकावरणावर अहोरात्र आदळत असतो, आणि त्या आवरणाच्या आंत इलेक्ट्रॉन व प्रोटॉन यांचा एक अतिशय विरळ वायु भरलेला असतो. त्यास प्लाझ्मा असें म्हणतात. भूस्थिर उपग्रहाच्या उंचीवर, वादळाच्या वेळीं, घनसेंटिमीटरमागें एखादा दुसरा कण, इतका तो विरळ असतो. परंतु त्या एकेका कणाची ऊर्जा हजारों इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या घरांत जाते. इलेक्ट्रॉन व प्रोटॉन यांचे विद्युद्भार सारखेच, पण परस्परविरुद्ध. वजनांत मात्र मोठा फरक. प्रोटॉन हा इलेक्ट्रॉनच्या सुमारें १,८३६ पट जड आहे, आणि म्हणून दोघांची ऊर्जा सारखी असली तर इलेक्ट्रॉनचा वेग सुमारें ४३ पट भरतो. लग्नघरीं पंक्तीची हांक आल्यावर धांवत सुटणारीं पोरें आणि काठी टेंकीत येणारे आजोबा यांच्यांत पाटावर आधीं कोण बसतें, हें सांगावयास नको. उपग्रहाच्या पृष्ठावर इलेक्ट्रॉनांची गर्दी प्रथम होते. त्यांचा भार ऋण असल्यामुळें उपग्रह ऋण होत जातो, आणि मागून येणाऱ्या इलेक्ट्रॉनांना तो इतका दूर लोटूं लागेपर्यंत हें चालतें, कीं येणारे व जाणारे प्रवाह शेवटीं समान व्हावे. त्या समतोलाच्या वेळीं उपग्रहावर जो दाब असेल, तो काढावयाचा.

एवढेंच असतें तर गणित सोपें होतें. पण उपग्रहावर येणारा इलेक्ट्रॉन केवळ चिकटून राहात नाहीं. आदळतांना तो पृष्ठांतील दुसरे इलेक्ट्रॉन उडवून लावतो. मध्यम वेगाचा, म्हणजे कांहींशें इलेक्ट्रॉन-व्होल्टांचा इलेक्ट्रॉन कित्येक पदार्थांतून एकापेक्षां अधिक इलेक्ट्रॉन बाहेर काढतो. अशा वेळीं ऋण कणांचा मारा होऊनहि पृष्ठ धन होतें, हें चमत्कारिक वाटलें तरी खरें आहे. फार वेगानें येणारा इलेक्ट्रॉन खोल शिरतो आणि बाहेर थोडेच पाठवितो. तेव्हां मात्र वीज सांचूं लागते. शिवाय ऊन आहे. सूर्यप्रकाशांतील अतिनील किरण धातूवर व इतर पदार्थांवर पडले म्हणजे तेथूनहि इलेक्ट्रॉन सुटतात, आणि हा प्रवाह वादळांतील इलेक्ट्रॉनांच्या प्रवाहाहून बहुधा कितीतरी मोठा असतो. म्हणून उन्हांतला उपग्रह सामान्यतः कांहीं व्होल्टांनीं धन असतो. तोच पृथ्वीच्या सावलींत शिरला, कीं हें संरक्षण एका क्षणांत नाहींसें होतें. भूस्थिर उपग्रहांस वसंत व शरद् संपातांच्या सुमारास रोज ग्रहण लागतें आणि तें जास्तींत जास्त ७२ मिनिटें टिकतें.

हें सारें प्रत्यक्ष दिसलें तें अमेरिकेच्या ए.टी.एस.-५ या उपग्रहावर. तो १९६९ सालीं सुटला. त्यावरील कणमापक यंत्राच्या नोंदी पाहतांना शेरमन डीफॉरेस्ट या शास्त्रज्ञास असें आढळलें कीं, ग्रहणाच्या वेळीं कमी ऊर्जेचे प्रोटॉन जणु नाहींसेच होतात, आणि जे येतात ते सर्व एका ठराविक ऊर्जेच्या वरचे असतात. याचा अर्थ एकच होता. उपग्रह स्वतःच इतका ऋण झालेला होता कीं धन कणांना तो ओढून घेऊन वेग देत होता. ती ठराविक ऊर्जा म्हणजेच उपग्रहाचा दाब. तो १०,००० व्होल्टांच्या आसपास गेलेला होता. १९७२ सालीं हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षीं, १९७३ च्या जूनमध्यें, अमेरिकन लष्कराचा एक दळणवळण-उपग्रह एकाएकीं मुका झाला. त्याच्या संदेशयंत्रणेचा वीजपुरवठा तुटला होता. चौकशीअंतीं दोष ठेवण्यांत आला तो चुंबकीय उपवादळांतील तप्त प्लाझ्मावर आणि त्यामुळें उडालेल्या ठिणगीवर. इतर उपग्रहांवरहि खटके आपोआप पडणें, आज्ञा न देतां यंत्रें चालूं होणें असे प्रकार घडत होते. त्यांच्या वेळांचा तक्ता मांडला तेव्हां हे प्रकार मध्यरात्र ते पहाट या भागांत दाटलेले दिसले. उपवादळांत पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूनें आंत फेंकले गेलेले इलेक्ट्रॉन पूर्वेकडे, म्हणजे पहाटेच्या बाजूस, सरकत जातात; त्यांच्याशीं हें तंतोतंत जुळत होतें.

येथून पुढें नासा आणि अमेरिकन वायुदल यांनीं दोन कामें एकदम हातीं घेतलीं. एक म्हणजे केवळ या रोगाची तपासणी करण्यासाठीं स्कॅथा नांवाचा उपग्रह. तो ३० जानेवारी १९७९ रोजीं सुटला. दुसरें काम कॅलिफोर्नियांतील ला होया येथील एका संशोधन-कंपनीकडे देण्यांत आलें. तें म्हणजे उपग्रहावर वीज कशी सांचते याचें संपूर्ण गणित संगणकाकडून करून घेणारी आज्ञावली. तिचें नांव नॅस्कॅप. आयरा कॅट्झ, मायरन मँडेल आदि मंडळी तिच्या रचनाकारांपैकीं होत.

नॅस्कॅपची रीत समजून घेण्यासारखी आहे, कारण नंतरच्या सर्व आज्ञावलींचा सांगाडा तोच राहिला. प्रथम उपग्रहाचा आकार संगणकास सांगावयाचा. त्या काळच्या संगणकांची स्मृति तुटपुंजी. म्हणून सारें अवकाश लहान लहान घनांमध्यें विभागलेलें असे आणि उपग्रह त्याच घनांचा, कांहीं तिरक्या कापलेल्या तुकड्यांचा मिळून बांधावा लागे. लहान मुलें लांकडी ठोकळ्यांचा वाडा बांधतात तसलाच हा प्रकार. मग प्रत्येक पृष्ठास पदार्थ नेमून द्यावयाचा: येथें ॲल्युमिनियम, येथें सौरपत्र्यावरील कांच, येथें कॅप्टन या प्लास्टिकची सोनेरी चादर. प्रत्येक पदार्थामागें त्याची वाहकता, जाडी, उन्हांत इलेक्ट्रॉन सोडण्याचें प्रमाण, माऱ्याखालीं इलेक्ट्रॉन उडविण्याचें प्रमाण असे आंकडे. तिसरी गोष्ट म्हणजे भोंवतालचें हवामान, अर्थात् प्लाझ्माची दाटी व उष्णता. एवढें दिलें म्हणजे आज्ञावली प्रत्येक पृष्ठावर किती प्रवाह येतो व किती जातो तें काढते, त्यावरून भार किती वाढला तें पाहते, त्या भारांमुळें आसपासच्या जागेंतील विद्युत्क्षेत्र कसें बदललें तें प्वासाँच्या समीकरणानें सोडविते, आणि बदललेल्या क्षेत्रांत कण आतां कसे वळतील तें पाहून पुन्हां पहिल्यापासून आरंभ करते. शेंकडों वेळां हें चक्र फिरल्यावर समतोल सांपडतो.

यांत एक अडचण अशी होती कीं ती प्रथमदर्शनीं लक्षांतहि येत नाहीं. एक मीटर त्रिज्येचा गोल घेतला तर अवकाशाच्या तुलनेनें त्याची वीज धरण्याची शक्ति अगदींच थोडी असते. वादळांतील प्रवाह त्यावर पडला तर सेकंदाच्या दहाव्या भागांत त्याचा दाब १०,००० व्होल्टांपर्यंत पोंचूं शकतो. परंतु त्याच गोलावर दशांश मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची चादर गुंडाळलेली असेल, तर चादरीची बाहेरची बाजू आणि आंतील धातु यांच्यामध्यें दाबाचा फरक पडण्यास मिनिटें लागतात, कारण दोन पृष्ठें इतकीं जवळ असलीं म्हणजे त्यांत वीज पुष्कळ मावते. म्हणजे एकाच उपग्रहांत दोन घड्याळें चाललेलीं. एकाचा कांटा दुसऱ्याच्या हजारपट वेगानें धांवतो. लहान पावलांनीं गणित करावें तर संगणक दिवसचे दिवस राबतो. मोठीं पावलें टाकावीं तर उत्तर वर-खालीं झोके घेत कोठेंतरी भरकटतें. पुढच्या पावलास दाब किती असेल याचा अंदाज चालूं पावलाच्या समीकरणांतच गुंतवून ही अडचण सोडविण्यांत आली. आज्ञावली लिहिणाऱ्यांचें खरें कसब अशा ठिकाणींच लागतें. पडद्यावर रंगीत चित्रें काढणें हें त्यामानानें सोपें.

आणि धोका असतो तोहि या दुसऱ्या, मंद घड्याळांतच. सारा उपग्रह एकसारखा १०,००० व्होल्टांनीं ऋण झाला तरी आंतल्या यंत्रांना त्याची फारशी जाणीव होत नाहीं. तारेवर निवांत बसलेल्या पक्ष्यासारखी त्यांची स्थिति असते. पण एका बाजूस ऊन आणि दुसऱ्या बाजूस सावली, येथें धातु आणि शेजारीं प्लास्टिक, अशामुळें दोन लगतच्या भागांत कांहींशें व्होल्टांचा फरक पडला तर तेथें ठिणगी उडण्याची वेळ येते. सौरपत्र्यांवरील कांचेचे कोपरे याबाबतींत फार बदनाम आहेत.

यावर उपाय नाहीं असें नाहीं. सर्व पृष्ठावर विजेचें वहन करणारा पातळ पारदर्शक लेप देऊन तें सगळें एकमेकांस जोडलें, तर दाबांत फरक पडण्यास जागाच उरत नाहीं. युरोपच्या जिओस या उपग्रहांवर तसें करण्यांत आलें आणि तें चांगलें साधलें. पण लेपाला खर्च येतो, वजन वाढतें, आणि प्रत्येक जोड तपासावा लागतो. ज्या उपग्रहाचें कामच विद्युत्क्षेत्र मोजण्याचें आहे त्यासाठीं हा खटाटोप परवडतो. धंद्यासाठीं सोडलेल्या उपग्रहाचा मालक विचारतो, हें खरोखरच अवश्य आहे काय? त्या प्रश्नाचें उत्तर उड्डाणापूर्वीं कांहीं वर्षें कोणास तरी सही करून द्यावें लागतें, आणि तें देतांना त्याच्या हातीं आज्ञावलीच्या उत्तराखेरीज फारसें कांहीं नसतें.

तें उत्तर कितपत खरें? पृथ्वीवरील प्रयोगशाळेंत स्वच्छ केलेल्या पदार्थाचा तुकडा किती इलेक्ट्रॉन उडवितो हें मोजतां येतें. परंतु अवकाशांत पांच-सात वर्षें ऊन खाल्लेल्या, यंत्रांतून निघालेल्या वाफांचा थर बसलेल्या पृष्ठाचें तेंच प्रमाण असेल अशी हमी कोणी देऊं शकत नाहीं. त्या एका आंकड्यांत थोडा बदल केला तरी उपग्रह कांहीं व्होल्टांवर राहील कीं हजारों व्होल्टांवर जाईल, हें बदलूं शकतें. हवामानाच्या आंकड्यांचें तर याहून विलक्षण आहे. नासानें १९८४ सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेंत वाईटांतलें वाईट हवामान म्हणून इलेक्ट्रॉनांची दाटी घनसेंटिमीटरला १.१२ आणि त्यांची उष्णता १२,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट अशी धरलेली आहे. युरोपच्या मानकांत जें हवामान घेतलें आहे तें स्कॅथा उपग्रहानें २४ एप्रिल १९७९ च्या वादळांत केलेल्या मापनावरून. त्या एका दिवसाचें तें वादळ त्यानंतर जगांतील किती उपग्रहांनीं कागदावर सोसलें असेल! एखाद्या गांवच्या एका वर्षाच्या महापुराची खूण पाहून पुढील सर्व पूल बांधावे, त्यांतला हा प्रकार आहे. त्यांत गैर कांहीं नाहीं; खूण एवढीच, कीं ती उंच असली तरी शेवटची असेलच असें नाहीं.

पृथ्वीच्या जवळ आलें कीं प्रश्नाचें रूपच पालटतें. चारशें किलोमीटरांवर प्लाझ्मा थंड पण दाट असतो, आणि वर ज्या गोष्टी हिशेबांतून वगळतां येतात त्या येथें वगळून चालत नाहीं. म्हणून नॅस्कॅपच्या जोडीस खालच्या कक्षेसाठीं एक आणि ध्रुवीय कक्षेसाठीं पोलर नांवाची दुसरी अशा आज्ञावली लिहिल्या गेल्या, आणि पुढें या साऱ्यांचा समावेश नॅस्कॅप-२के या एकाच आज्ञावलींत झाला. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाचीं सौरपत्रें १६० व्होल्टांवर चालतात. त्यांचीं धन टोंकें भोंवतालच्या इलेक्ट्रॉनांना ओढून घेतात आणि परिणामीं स्थानकाचा सांगाडा ऋण होऊं पाहतो. स्थानकाबाहेर पडलेला अवकाशवीर सांगाड्यास धरूनच सरकत असतो. त्याच्या पोशाखास धातूचे भाग असतात. गणितानें दाखविलेला संभाव्य दाब पाहून स्थानकावर झेनॉन वायूचा प्लाझ्मा बाहेर सोडणारीं यंत्रें बसविण्यांत आलीं, म्हणजे सांचलेली वीज त्या वाटेनें निघून जावी. २००६ सालीं तेथें प्रत्यक्ष दाब मोजणारें उपकरण लावलें, तेव्हां पुष्कळ वेळां तो गणितापेक्षां कमीच आढळला. येथें आज्ञावली चुकली ती सुरक्षित बाजूस.

दुसऱ्या बाजूस काय घडतें तें जपाननें पाहिलें. १४ डिसेंबर २००२ रोजीं मिदोरी-२ हा मोठा पृथ्वीनिरीक्षक उपग्रह सुटला. याच नांवाचा त्याचा वडील भाऊ १९९७ च्या जूनमध्यें सौरपत्रा निकामी होऊन अवघ्या दहा महिन्यांत गेलेला होता. त्यामुळें धाकट्यावर आशा अधिकच. सुमारें ८०० किलोमीटर उंचीवरून ध्रुवांवरून फिरत तो समुद्र, वारे व बर्फ यांचीं मापें घेऊं लागला. २००३ च्या ऑक्टोबरअखेर सूर्यावर प्रचंड खळबळ उडाली. त्या महिन्याच्या २४ तारखेस या उपग्रहाची वीज तीन मिनिटांत सहा किलोवॉटांवरून एका किलोवॉटावर घसरली. लागलीच संपर्कहि तुटला. पुन्हां तो लागला नाहीं.

चौकशींत निघालेली हकीकत अशी. सौरपत्र्यापासून वीज आणणाऱ्या तारांची जुडी एका बहुपदरी चादरींत गुंडाळलेली होती. त्या चादरीचे धातुलिप्त पदर सांगाड्यास जोडलेले नव्हते. ध्रुवीय प्रदेशावरून जातांना ध्रुवप्रकाश निर्माण करणारे इलेक्ट्रॉन त्या चादरीवर सांचत गेले. आंतल्या तारा अंदाजापेक्षां अधिक तापून त्यांच्या आवरणास भेगा पडल्या असाव्या. चादर आणि तार यांमध्यें एक ठिणगी उडाली, तीमुळें तारांमधील वीजच त्या वाटेनें वाहूं लागली, आणि जुडी जळत गेली. पहिली ठिणगी चिमूटभर विजेची. पण ती विझण्याऐवजीं उपग्रहाच्या स्वतःच्या विजेवर पोसली गेली. घरच्या बंडींतील ठिणगी आणि ही ठिणगी यांतील भेद हाच. चादरीस सांगाड्याशीं जोडणारी एक तार अधिक असती तर, असें मागाहून वाटतें. परंतु ती तार नसल्याचें कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें, कारण त्या कक्षेंत असें कांहीं होईल हें आंखणी करणाऱ्यांनीं आज्ञावलीस विचारलेलेंच नव्हतें.

विचारावयाचें तरी कोणास? नॅस्कॅप-२के अमेरिकन नागरिकांपुरती राखलेली आहे. अशीं साधनें परदेशीं देण्यावर तेथें निर्बंध आहेत. म्हणून जपानच्या अवकाशसंस्थेनें क्यूशू तंत्रविज्ञान संस्थेच्या साह्यानें २००४ च्या अखेरीस स्वतःची आज्ञावली लिहावयास घेतली आणि २००७ सालीं ती पुरी केली. मस्कॅट तिचें नांव. युरोपनें थोडें आधींच, २००२ च्या अखेरीस, तूलूझ येथील ओनेरा ही संस्था आणि पॅरिसची आर्टेनम ही कंपनी यांच्याकडून स्पिस नांवाची आज्ञावली करून घेण्यास आरंभ केला होता. स्पिसचा विशेष असा कीं तिची मूळ संहिता कोणासहि पाहतां येते, वापरतां येते व सुधारतां येते. ठोकळ्यांचा वाडा जाऊन तींत उपग्रहाचा खरा आकार चतुष्फलकांच्या जाळींत बसवितां येतो. प्लाझ्माच्या अभ्यासकांची एक मंडळी तिच्याभोंवतीं जमली, आणि मूळ लेखकांच्या मनांतहि नसलेले प्रश्न तिला विचारले जाऊं लागले. एकच उपग्रह, एकच हवामान घेऊन निरनिराळ्या देशांच्या आज्ञावलींकडून उत्तरें काढून तीं ताडून पाहण्याचे प्रयोगहि झाले आहेत. ढोबळ मानानें उत्तरें जुळतात. सूक्ष्म भागांत, विशेषतः एका भागाची सावली दुसऱ्यावर पडते तेथें, तीं फांकतात. आणि असें फांकणें हेंच अशा तुलनेचें फळ मानावयाचें, कारण चूक कोठें शोधावी तें त्यावरून कळतें.

येथवर जें सांगितलें तें पृष्ठावरील विजेचें झालें. याहून कितीतरी वेगवान इलेक्ट्रॉन पृष्ठ भेदून आंत शिरतात आणि तारांच्या आवरणांत, यंत्रांच्या फळ्यांमध्यें दिवसचे दिवस सांचत राहतात. २० जानेवारी १९९४ रोजीं कॅनडाच्या ॲनिक ई-१ व ई-२ या दोन उपग्रहांचीं तोल सांभाळणारीं यंत्रें एकामागून एक निकामी झालीं. पहिला कांहीं तासांत सांवरला. दुसऱ्यास ताळ्यावर आणावयास महिने लागले. अशा खोल सांचणाऱ्या विजेचे हिशेब वेगळे, कारण तेथें किती इलेक्ट्रॉन किती खोल थांबले आणि विद्युद्रोधकांतून वीज किती सावकाश झिरपते, या दोन प्रश्नांवर सारें अवलंबून असतें. १९९० सालीं सुटलेल्या क्रेस या उपग्रहावर निरनिराळ्या विद्युद्रोधकांचे सोळा नमुने याच तपासणीसाठीं ठेवलेले होते. सुमारें चौदा महिन्यांत त्यांतून चार हजारांहून अधिक स्पंद नोंदले गेले. त्याच उपग्रहानें आणखी एक गोष्ट पाहिली. २४ मार्च १९९१ रोजीं सूर्याकडून आलेल्या एका धक्क्यानें, अवघ्या कांहीं मिनिटांत, पृथ्वीभोंवतीं अतिवेगवान कणांचा एक नवाच पट्टा तयार झाला. त्या वेळीं सर्वत्र वापरांत असलेल्या जेम्स व्हेट यांच्या तक्त्यांत पृथ्वीभोंवतींचे कणपट्टे स्थिर धरलेले होते. सूर्य शांत असतांनाचे एक आणि चंचल असतांनाचे एक, एवढाच त्यांत भेद. तक्ते चुकीचे नव्हते. ते सरासरीचे होते, आणि उपग्रह सरासरीनें मरत नाहीं. नंतर २०१२ च्या सुमारास आलेल्या नव्या तक्त्यांत एका आंकड्याऐवजीं शक्यतेचें माप देण्याची रीत घेण्यांत आली.

सर्वांत मोठें वादळ किती मोठें असूं शकेल, हा प्रश्न मग उरतोच, आणि त्याचें उत्तर उपग्रहांकडे नाहीं. उपग्रह आल्यापासूनचें थोर वादळ म्हणजे मार्च १९८९ चें. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रांतील घट मोजणाऱ्या जागतिक निर्देशांकांत तें ५८९ नॅनोटेस्ला भरलें. मे २०२४ मध्यें आलेलें वादळ सुमारें ४०० चें होतें. त्याच्या मागें जावयाचें तर जुन्या वह्या उघडाव्या लागतात. १ सप्टेंबर १८५९ रोजीं इंग्लंडांत रिचर्ड कॅरिंग्टन यानें सूर्यावर एक झगझगीत उजेड पाहिला; दुसऱ्या दिवशीं मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत चुंबकीय क्षेत्राच्या आडव्या घटकाची नोंद करणाऱ्यांना यंत्राचा कांटा कधीं पाहिला नव्हता इतका खालीं गेलेला दिसला. त्या नोंदी डोळ्यांनीं पाहून, हातानें लिहिलेल्या आहेत. ब्रूस त्सुरुतानी आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेंतील शास्त्रज्ञ यांनीं २००३ सालीं त्यांचा नव्यानें अभ्यास केला, तेव्हां घट सुमारें १,६०० नॅनोटेस्ला निघाली. ती एका ठिकाणची व कांहीं मिनिटांची आहे. तासाची सरासरी घेतली तर आंकडा बराच खालीं येतो, आणि त्यावर वाद चालूं आहे. पण असल्या वादळांत उपग्रहांचें काय होईल याचा विचार करणाऱ्यांना आजहि कुलाब्याच्या त्या पानांकडेच वळावें लागतें. त्या दिवशीं भूस्थिर कक्षेंत किती इलेक्ट्रॉन होते हें त्या पानांत नाहीं. चुंबकीय घट आणि कणांची गर्दी यांचा संबंध अलीकडच्या लहान वादळांवरून बसवून, तो पुढें ओढून, आज्ञावलीच्या तिसऱ्या रकान्यांत घालावा लागतो.

पुढें मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचें ठरलें, आणि त्या विजेच्या प्रवाहानें कुलाब्याचीं नाजूक यंत्रें बिघडतील हें वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या ध्यानांत आलें. त्यांनीं चुंबकमापनासाठीं खाडीपलीकडे अलिबाग निवडलें, लोखंडाचा अंश नसलेल्या पोरबंदरी दगडानें तेथें इमारत बांधविली, आणि १९०४ ते १९०६ अशीं दोन वर्षें दोन्ही ठिकाणचीं मापें बरोबर घेऊन जुन्या नोंदींशीं नव्या नोंदींचा सांधा जुळवून ठेवला. अलिबागेस तीं मापें आजहि घेतलीं जातात.